वजन, ताकद आणि भरवसा : मुरूडच्या आगरातल्या चेनसॉच्या नोंदी

१० मार्च २०२५

जागा : मुरूड, ता. दापोली. समुद्राला लागून असलेलं सव्वा एकराचं आगर. माड, पोफळी, मध्ये आंबा-फणस, पुळणीकडच्या कडेला सुरूची रांग. पावसाआधी उतरवायचं ते असं : शेंडा गेलेले ९ माड (३ जून २०२०च्या निसर्ग वादळात हादरलेले, नंतर गेंड्या आणि सोंड्या भुंग्यांनी पोखरलेले), घराच्या कौलांवर झुकलेले ४ जिवंत माड, वाळलेले ११ सुरू, एका फणसाच्या दोन जाड फांद्या, आडवा पडलेला जुना आंबा (बुंधा ९० सेंमी) आणि विहिरीवर ओणवलेली एक उंडी.

परवानगीचं आधी. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडं १९६४च्या झाडतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणून वनखात्याकडे अर्ज गेला आहे. माड त्या यादीत नाही. रस्त्याकडच्या दोन माडांशेजारून महावितरणची तार जाते. त्या दिवशी लाईन बंद करून घ्यायची. तोंडी सांगून भागत नाही, लेखी अर्ज द्यायचा आणि वायरमन जागेवर हजर पाहिजे.

हाताशी मशीन तीन :

क – बाजारात सर्रास मिळणारं बिननावाचं ‘५८ सीसी’, २२ इंची बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी).
ख – स्टिल एमएस २५०, ४५.४ सीसी, १६ इंची बार.
ग – वरच्या मुठीचं ३५ सीसीचं छोटं मशीन, १४ इंची बार. हे झाडावर चढून वापरायचं.

गावात मशीन भाड्याने आणायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो ‘किती सीसी?’ या नोंदी मुख्यतः त्या प्रश्नासाठी आहेत.

१२ मार्च

तिन्ही मशीन तराजूवर. माहितीपत्रकात छापलेलं वजन म्हणजे नुसतं इंजिन. बार नाही, चेन नाही, दोन्ही टाक्या रिकाम्या. हातात येतं ते वजन वेगळंच :

क : कोरडं ५.६ किलो; बार, चेन, पेट्रोल, ऑइलसह ७.७५.
ख : कोरडं ४.६, सगळं भरून ६.१.
ग : कोरडं ३.७, सगळं भरून ४.८५.

पेट्रोल लिटरला साधारण ७४० ग्रॅम भरतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या टाकीचे पावणेचारशे ग्रॅम. ते काम करता करता उतरतात. बारचं वजन मात्र शेवटपर्यंत जागचं हलत नाही, आणि असतंही नेमकं नको तिथे, म्हणजे पुढच्या मुठीच्याही पुढे. क चा २२ इंची बार चेनसकट दीड किलो, त्याचा मध्य पुढच्या मुठीपासून ४३ सेंमीवर. ख चा १६ इंची ०.९५ किलो, मध्य ३५ सेंमीवर. गुणाकार केला तर ६४ विरुद्ध ३३. दोन मशीनच्या वजनात पावणेदोन किलोचाही फरक नाही, पण मनगटावर येणारा झोक जवळपास दुप्पट. क पुढच्या मुठीला धरून लोंबकळत ठेवलं की तोंड खाली टाकतं, ख जवळपास आडवं राहतं. दिवसभर आडवे काप घेणाऱ्याला हा फरक दुपारपर्यंत खांद्यात जाणवतो.

म्हणून क ला १८ इंची बार चढवला. पिच (चेनच्या रिव्हेटांमधलं सरासरी अंतर) ०.३२५ इंचच, बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी १.५ मिमी, अशा लिंक ७२. वजन ३०० ग्रॅमच घटलं, तोंड मात्र सावरलं.

इथे एक गोष्ट नेहमी चुकते. क ची चेन १.५ मिमीची, ख च्या बारची खाच १.६ मिमीची. दोन्ही ०.३२५ पिचच्या, त्यामुळे लिंक जुळल्या तर एकीची चेन दुसऱ्यावर बसते आणि फिरतेही. पण खाचेत ती कलते आणि काप वाकडा जातो. मग ‘बार वाकला’ म्हणून बार बदलला जातो. चेन घेताना पिच, जाडी आणि लिंकची संख्या हे तिन्ही आकडे सांगायचे. ‘अठरा इंची चेन द्या’ एवढ्याने भागत नाही.

१५ मार्च

कापाची चाचणी. वाळलेल्या सुरूचा २५ सेंमी व्यासाचा सरळ ओंडका दोन आडव्या वाशांवर घट्ट बांधला. प्रत्येक मशीनचे पाच काप घेतले आणि मधली वेळ धरली. जोर लावायचा नाही, मशीन आपल्या वजनाने उतरू द्यायचं.

क, चेन दुकानातून आली तशी : १४ सेकंद.
ख, धार लावलेली : ९ सेकंद.
क, धार लावून : ८ सेकंद.
ख, मुद्दाम वाळूत एकदा टेकवून : १९ सेकंद, भुसा पिठासारखा, काप उजवीकडे पळतो.

म्हणजे ४५ वरून ५८ ला गेल्याने सेकंदाची बचत, आणि वाळूच्या एका स्पर्शाने दहा सेकंदांचा तोटा. पुळणीलगतच्या आगरात हा स्पर्श चुकवणं हेच अर्धं काम. माडाच्या झावळांच्या बेचक्यांत आणि सुरूच्या खडबडीत सालीत वाऱ्याने आलेली बारीक वाळू बसलेली असते. काप घ्यायच्या जागेची साल कोयत्याने खरवडून, ब्रशने झाडून मगच मशीन लावायचं. सुरूला तर ढलपी काढल्याशिवाय नाहीच.

धार लावण्याची पद्धत, क आणि ख दोन्हींसाठी : ४.८ मिमी गोल कानस, दाताला ३० अंशांत, आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच ३-४ फेरे. कानसेचा पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे. ग ची चेन ३/८ लो-प्रोफाइल, तिला ४ मिमी कानस. सगळ्यांत आखूड झालेला दात आधी शोधायचा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. एका बाजूचे दात लांब राहिले की काप वळतो. दर तीन-चार धारांनंतर दातापुढचा गेज (दात किती खोल चावेल ते ठरवणारा उंचवटा) चपट्या कानसेने दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली आणायचा. गेज जास्त उतरवला की चेन उसळते, धक्के देते आणि छोट्या इंजिनाचा दम काढते. गावात ‘मशीनला पॉवर नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच या गेजच्या असतात.

चेन फुल-चिझल घ्यायची की सेमी-चिझल? वाळू असेल तिथे सेमी. स्वच्छ लाकडात ती थोडी हळू चालते, पण गोल कोपरा धूळ सोसतो. फुल-चिझलचा टोकदार कोपरा एका माडात जातो.

१६ मार्च

कागदावरची तुलना, पुढच्या खरेदीसाठी. एमएस २५० : २.३ किलोवॅट, ४.६ किलो. एमएस २६१ : ५०.२ सीसी, ३.० किलोवॅट, ४.९ किलो. म्हणजे ३०० ग्रॅममागे ०.७ किलोवॅट. एमएस ३८२ : ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, सुमारे ६.२ किलो. किलोमागे ताकद काढली तर ०.५०, ०.६१, ०.६३. ताकद वाढली की वजन त्याच हिशोबात वाढतं असं नाही. मधल्या आकाराचं पण कामगारी दर्जाचं मशीन हीच यातली सगळ्यांत फायद्याची पायरी. फरक बांधणीचा. २६१ची क्रँककेस मॅग्नेशियमची, सिलिंडर वरून बोल्टने सुटतो. २५०ची बांधणी सोपी आणि स्वस्त, पण पिस्टन काढायला अख्खं इंजिन बाहेरच्या कवचातून सोडवावं लागतं. किमतीतला फरक मोठा आहे. वर्षाला दहा-बारा झाडं तोडणाऱ्याने त्यात पडू नये.

२२ मार्च

माडांचं काम सुरू झालं. नऊ मेलेल्या माडांपैकी एकावरही पाडेलीला (माडावर चढणाऱ्या गड्याला) चढवायचं नाही, हे आधीच ठरलं. कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकून पाहिला. पाच माड खणखणीत वाजले, चार डबडब. डबडब वाजणारा माड वजनाने मध्येच मोडतो, आणि कुठे मोडेल ते बाहेरून दिसत नाही. नऊही जमिनीवरूनच पाडायचे. जागा नसेल तिथे वरून दोर टाकून, ओढ देऊन.

माडाचं लाकूड आंबा-फणसासारखं नाही. वाढीची वलयं नाहीत. बाहेरचा चार-पाच सेंमीचा घेर दगडासारखा, आत गाभा भुसभुशीत. त्यामुळे :

पाचर गाभ्यात ठोकली तर रुतते, झाड उचलत नाही. दोन पाचरी घ्यायच्या आणि दोन्ही कडेच्या टणक घेरात बसवायच्या.

बिजागर (खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये राखायची लाकडाची पट्टी) नेहमीपेक्षा जाड ठेवायची, व्यासाच्या सातव्या हिश्शापर्यंत. बाकी झाडांत दहावा हिस्सा पुरतो. माडाचे तंतू वाकत नाहीत, तुटतात. बारीक बिजागर अर्ध्या वाटेतच सुटते आणि माड स्वतःला हवा तिकडे जातो.

चेन भुसा फेकत नाही, काथ्यासारखे लांब धागे ओढते. ते क्लचच्या झाकणाखाली गुंडाळतात, ऑइलचं भोक बुजवतात, चेन कोरडी पडते आणि बार निळा होतो. दर टाकीला झाकण काढून धागे उपसायचे. क मध्ये दुसऱ्याच माडाला बार तापून वास आला. ऑइलचं भोक बंद होतं. सायकलच्या आऱ्याच्या तुकड्याने साफ केलं.

नऊपैकी सहा माड ख ने पडले. बुंधा सरासरी ३२ सेंमी, १६ इंची बार पुरून उरतो. क चा फायदा इथे कुठेच दिसला नाही.

२९ मार्च

कौलांवरचे चार जिवंत माड. हे वरून तुकड्यातुकड्याने.

वजनाचा हिशोब : ३० सेंमी व्यासाचा ओला माड मीटरला साधारण ६५ ते ७० किलो. म्हणून तुकडा ६० सेंमीचा, चाळीस किलोच्या आसपास. त्याहून मोठा तुकडा दोराला धक्का देतो आणि तो धक्का माडालाच, म्हणजे वर बसलेल्या माणसाला बसतो. झावळा आधी कोयत्याने, मग नारळाच्या पेंडी दोराने उतरवायच्या, मग शेंडा.

वर फक्त ग. ४.८५ किलो कमरेच्या पट्ट्याला मीटरभर दोरीने टांगलेलं. प्रयोग म्हणून ख वर पाठवलं गेलं नाही आणि पाठवूही नये. मागची मूठ लांब असलेलं मशीन बुंध्याला बिलगून बसलेल्या माणसाला छातीजवळ धरता येत नाही, आणि हात लांबवले की सहा किलोचे दहा वाटतात. पण ग च्या वरच्या मुठीचा धोकाही तेवढाच खरा. ती एका हाताने पकडता येते, म्हणून माणूस एका हाताने कापायला जातो. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की मशीन वर उसळतं, आणि एका हाताने ते थोपवता येत नाही. दोन्ही हात मशीनवर, शरीराचा भार पट्ट्यावर आणि दुसऱ्या सुरक्षा दोरावर. तो दोर आत पोलादी तार असलेला घ्यायचा. नुसता नायलॉन चेनला एका क्षणात तुटतो.

वेळ : सकाळी सातला सुरुवात, साडेदहाला खाली. पहाटेचा मतलई वारा पडल्यावर आणि दुपारचा खारा वारा उठण्याआधी जेवढी निवांत वेळ मिळते, तेवढ्यातच चढून काम करायचं. चार माडांना दोन सकाळी लागल्या.

४ एप्रिल

क गरम झाल्यावर सुरू होत नाही. टाकी संपते, पेट्रोल भरून दोरी ओढली की पंधरा-वीस झटके, मग एकदाचं धडधडतं. जमिनीवर हा त्रास आहे. वर असतं तर ते ओझं झालं असतं. भरवशाचा विचार वजनाबरोबर करायचा तो याचसाठी. सुरू न होणारं मशीन वरून खाली आणणं आणि पुन्हा वर नेणं यात हलक्या मशीनची सगळी कमाई जाते.

शोध या क्रमाने घेतला, सोप्यापासून अवघडाकडे :

टाकीचं झाकण सैल करून ओढलं. लगेच सुरू झालं तर टाकीत हवा जात नाही, झाकणातला व्हेंट बंद. तसं नव्हतं.

प्लग काढला : ओला, काळा. फट ०.८ मिमी होती, ०.५ केली.

टाकीतला फिल्टर आकड्याने बाहेर काढला : चिकट, तपकिरी.

नळी : टाकीबाहेरच्या तोंडाशी फुगून मऊ पडलेली. बोटाने दाबली की तडे दिसतात.

कार्ब्युरेटर : चार स्क्रू काढून डायफ्राम (आतला पातळ लवचिक पडदा) पाहिला. कडक, वाळल्या पानासारखा कुरकुर वाजणारा. मऊ असायला हवा.

नळी, फिल्टर, डायफ्रामचा संच बदलला. आता गरम असताना तीन झटक्यांत सुरू.

मुळाशी पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बऱ्याच चेनसॉच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली असते. इथेनॉल रबर फुगवतं आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. शिवाय त्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून तेवढ्याच जेटमधून मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि इंजिन जास्त तापतं. यावर इथे पाळायचे नियम :

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण एका आठवड्याला पुरेल तेवढंच. डबा लोखंडाचा किंवा पेट्रोलसाठीचा प्लास्टिकचा, तोंडापर्यंत भरलेला. अर्ध्या डब्यात दमट हवा राहते. पाण्याची बाटली चालणार नाही.

टू-टी ऑइल मोजून. ख आणि ग ला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलि. क च्या झाकणावर २५:१ लिहिलंय, म्हणजे ४० मिलि. टोपणाने अंदाजे ओतू नये, औषधाची सिरिंज घ्यावी. ‘जास्त ऑइल घातलं तर इंजिनाला बरं’ हा समज उलटा आहे. ऑइल वाढलं की तेवढ्या थेंबातलं पेट्रोल घटतं, मिश्रण पातळच होतं, वर सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते.

चार दिवसांहून जास्त मशीन ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

क चा एच स्क्रू (पूर्ण वेगातलं पेट्रोल कमी-जास्त करणारा) आठवा हिस्सा फेरा उघडला. मशीन मोकळ्या पूर्ण वेगात चालवून कान देऊन ऐकायचं. भुरभुर आवाज येऊन लाकडात शिरल्यावर स्वच्छ झाला पाहिजे. मोकळं असतानाच शिट्टीसारखा स्वच्छ वाजत असेल तर मिश्रण पातळ आहे, पिस्टन धोक्यात.

९ एप्रिल

चेनला लावायचं ऑइल. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून सगळे तेच ओततात. त्यात लोखंडाची कीस असते, ती ऑइल पंप झिजवते, आणि ते कापणाऱ्याच्या अंगावर उडतं. विहिरीशेजारी तर नकोच. नवं बार ऑइल, किंवा ते नसेल तर नवंच जाडं इंजिन ऑइल. पेट्रोलची एक टाकी संपते तेव्हा ऑइलची टाकी जवळपास संपली पाहिजे. अर्धी भरलेली दिसली तर भोक बुजलंय.

खोबरेल तेल? ते इतर तेलांसारखं चिकट होऊन बसत नाही, पण पातळ आहे, टोकावरून उडून जातं. त्याची जागा पुढे येते.

१७ एप्रिल

सहा सुरू पडल्यावर क ची ताकद एकदम गेली. दोरी सहज ओढली जाते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, ८५ पीएसआय. या आकाराला १४० च्या वर हवं. सायलेन्सर काढून भोकातून पाहिलं : पिस्टन सायलेन्सरच्या बाजूला उभा खरवडलेला.

खरवडा कुठे आहे त्यावरून कारण कळतं. सायलेन्सरच्या बाजूला असेल तर पातळ मिश्रणाची उष्णता. चारी बाजूंनी असेल तर पेट्रोलमध्ये ऑइलच नव्हतं. कार्ब्युरेटरच्या बाजूला बारीक रेघा असतील तर फिल्टरमधून धूळ गेली. इथे पहिलं. मग प्रश्न असा की एच स्क्रू उघडूनही पातळ का? इंजिन मंद चालू ठेवून कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी तुकड्यावर साबणाचं पाणी शिंपडलं. वेग लगेच बदलला. तुकड्याला केसाएवढी चीर. तिथून हवा शिरत होती, आणि ती कुठल्याही स्क्रूने भरून निघत नाही.

दुरुस्ती : सिलिंडरचे चार बोल्ट, पिस्टन बाहेर. सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं ॲल्युमिनियम ॲसिडने (संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक) कापसाच्या काडीने फक्त डागांवर लावून विरघळवलं, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. मग सोडा घातलेल्या पाण्याने धुतलं. प्लेटिंग (भिंतीवरचा टणक मुलामा) नखाला लागण्याइतकं खरवडलं नव्हतं, म्हणून सिलिंडर वाचला. नवा पिस्टन, रिंगा, पिन, दोन्ही सर्कलिप (जुन्या पुन्हा वापरू नयेत), गॅस्केट, रबरी तुकडा. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. कॉम्प्रेशन १४५.

सिलिंडर उघडाच होता म्हणून मोजला : व्यास ४५.२ मिमी, स्ट्रोक ३४ मिमी. हिशोब ५४.६ सीसी. झाकणावर ५८. या जातीच्या मशीनांत हे नेहमीचं आहे. सीसीचा आकडा बघून खरेदी करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की ज्या ताकदीसाठी तो दीड किलो जास्त उचलतो, तिच्यातले साडेतीन सीसी छपाईतलेच आहेत.

तरी क च्या बाजूने एक गोष्ट आहे. सुटे भाग दापोलीच्या बाजारात हातोहात मिळतात, स्वस्त आहेत, आणि हे इंजिन साध्या पान्यांनी उघडतं. एका दिवसात ते पुन्हा चालू झालं. भरवसा म्हणजे बिघडत नाही एवढंच नव्हे, बिघडल्यावर किती दिवस पडून राहतं हेही त्यात आलं. ख चा एक सील बाहेरून मागवायला लागला असता तर पाऊस आला असता.

१९ एप्रिल

ख चं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) : दातांवर ०.५ मिमीहून खोल चरे, बदललं. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की चेनही लवकर जाते. आत सुईच्या बेअरिंगला थोडं ग्रीस. क ला सातऐवजी आठ दातांचं बसवून चेनचा वेग वाढवावा अशी सूचना होती. सात दात म्हणजे एका फेऱ्याला ११५ मिमी चेन, मिनिटाला ९,५०० फेऱ्यांना सेकंदाला १८ मीटर. आठ दातांनी वेग वाढतो पण ओढ कमी होते, आणि हे इंजिन आधीच सुरूत बसतं. नको.

२८ एप्रिल

फणसाच्या दोन फांद्या, ३५ आणि ४० सेंमी. ओल्या फणसाचा चीक चेनच्या रिव्हेटांत भरतो, सुकला की चेन हाताने फिरत नाही. घरात फणस फोडण्याआधी हाताला लावतात तेच इथे करायचं : काम संपल्याबरोबर चेन आणि बारला खोबरेल तेल, चिंधीने पुसून, मग थोडा वेळ चालवून. रॉकेल मिळालं तर तेही चालतं.

फांदीला खालून आधी तिसरा हिस्सा काप, मग वरून थोडं पुढे, शेवटी खोडाजवळचा खुंट. खालचा काप न घेता वरून उतरलं तर फांदी साल सोलत बुंध्यापर्यंत फाडते. जखमेवर बोर्डो पेस्ट.

३ मे

पडलेला आंबा. बुंधा ९० सेंमी. ख चा १६ इंची बार दोन्ही बाजूंनी घेतला तरी मध्ये गाभा उरतो. १८ इंची बारच्या क ने दोन्हीकडून मिळून जेमतेम. भाड्याने ७२ सीसीचं २४ इंची बारचं मशीन आणलं, भरून नऊ किलोच्या घरात.

इथे वजनाचा हिशोब उलटतो. ओंडका आडवा, मशीन त्याच्यावर टेकलेलं. बुंध्याशी दातेरी स्पाइक टेकवला की मशीनचं वजन काप खाली नेतं, माणूस फक्त मागची मूठ वर उचलतो. उचलून फिरावं लागत नाही. क ने ज्या कापाला तीन वेळा थांबून सात-आठ मिनिटं घेतली, तो या मशीनने दीड मिनिटात. नऊ किलो नऊच राहतात, पण ते ओंडका उचलतो. असे काप एकूण सहा होते. त्यासाठी मशीन विकत घेणं वेडेपणाचं झालं असतं. एक दिवसाचं भाडं पुरलं.

आडव्या ओंडक्याच्या दोन्ही टोकांना आधार असेल तर मधोमध वरून घेतलेला काप मिटतो आणि बार चिमटतो. वरून तिसरा हिस्सा, पाचर मारून, बाकी खालून. आंब्याखाली माती होती. ओंडका पहारीने उचलून खाली दोन फळ्या सरकवल्या, म्हणून चेन जमिनीला लागली नाही.

११ मे

बॅटरीच्या मशीनची चौकशी. दोरी नाही, कार्ब्युरेटर नाही, इथेनॉलची कटकट नाही, वर चढून वापरायला हे तिन्ही फायदे मोठे. पण ऊर्जेचा हिशोब : २२७ वॅट-तासांची बॅटरी १.७ किलोची. ख ची ०.४७ लिटरची टाकी जळून चेनपर्यंत साधारण ९०० वॅट-तास पोचतात. एका टाकीला चार बॅटऱ्या, पावणेसात किलो. फांद्या छाटायला दोन बॅटऱ्यांत सकाळ निघेल. माड पाडायला नाही. ग ची जागा पुढेमागे हे घेऊ शकेल, ख ची नाही.

२१ मे

कालपासून धो धो. वळवाचा म्हणावा असा हा पाऊस नाही. उरलेले तीन सुरू थांबवले. ओल्या बुंध्याशी पाय ठरत नाहीत, पाडताना मागे पळायची वाट चिखलाची.

२६ मे

मान्सून काल देवगडला पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. काम बंद. मशीन चार महिन्यांसाठी आवरून ठेवली :

टाक्या रिकाम्या, इंजिन बंद पडेपर्यंत चालवली. प्लग काढून भोकात चमचाभर टू-टी ऑइल, दोरी हळू तीनदा ओढून प्लग परत. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून, म्हणजे भोकं झाकलेली राहतात.

चेन सैल केली. गरम असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आकसते आणि क्रँकवर ताण देते. हे रोजच करायचं, ठेवतानाच नव्हे.

बार काढून खाच कार्डाच्या कडेने उपसली, कडांवरची बारीक धार चपट्या कानसेने उतरवली, उलटा करून ठेवला. पुढच्या हंगामात दुसरी बाजू झिजेल.

मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी दिसली ती खाऱ्या वाऱ्याची. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, वर तेलाचा हात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं नाही, आत घाम धरतो. चुलीच्या खोलीतल्या माळ्यावर, गोणपाटात.

एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवले. क चा जाळीदार फिल्टर फाटला आहे, बदलायचा.

बाकी : तीन सुरू आणि विहिरीवरची उंडी, दसऱ्यानंतर. उंडीला वरून ग, खालून ख. क साठी १८ इंची १.५ मिमी ७२ लिंकच्या दोन सेमी-चिझल चेन आणि ४.८ च्या सहा कानशी आणून ठेवायच्या.